माझ्या नावाचा खिळा

लिहा बाई, तुमी महाडच्या शाळेतल्या बाई, तुमचं अक्षर चांगलं असंल. माझं नाव ठकूबाय, माहेर करंजवाडी, शिवथरच्या खोऱ्यातली, आणि सासर भेकरवाडी, पोलादपूरच्या वर डोंगरात, एस्टी सोडली की दोन तास चढायचं, आणि ह्या दोन वाड्यांच्या भांडणात माझी एक किडनी गेली, म्हंजे गेली नाय, मी दिली, पण गावकीला इचाराल तर गावकी म्हणंल आमी दिली. ते कसं झालं ते सांगते, पण आधी माणसं कशी हायत ते सांगू दे, नायतर तुमाला वाटंल ठकूबाय उगीच शिव्या देते.

आमच्या खोऱ्यात ती घळ हाय, तिथं पुण्यामुंबयची माणसं येतात, डोळे मिटून बसतात, आणि उतरताना आमच्या दारात थांबून ताक मागतात, पितात, लई शांत वाटलं म्हणतात आणि जातात, एकानं कधी इचारलं नाय की पोरी, तुझी आय कुठं हाय. आय माझी गेलेली, मी नऊ वर्षांची आणि सदू रांगता. मोठा भाऊ रामा व्हता, पण तो नुसता वयानं मोठा, बाकी काय नाय. सदूला मी नाचणीची पेज पाजून वाढवला, कडेवर घेऊन गुरं राखली, माझी कंबर अजून त्या बाजूला कलती हाय बघा. माझं लग्न झालं तवा तो नदीपर्यंत मागं रडत आला, आणि पुढं मुंबयला गिरणीत लागला तरी भाऊबीज त्यानं चुकवली नाय, एस्टी धरून यायचा, डोंगर चढून यायचा, ताटात खण टाकायचा आणि म्हणायचा आक्का, तुज्या हातची पेज दे. ते दिस आठवले की बरं वाटतं, बाकीचं आठवलं की थुकावंसं वाटतं.

आता खोलीचं सांगते, त्याबिगर पुढचं तुमाला कळायचं नाय. आमच्याकडं दर वाडीची मुंबयला एक खोली असते, गावकीची खोली, सगळ्या वाडीनं मिळून घेतलेली. तिथं दर घराचा भिंतीला एक खिळा आणि खिळ्याखाली एक पेटी, खिळ्याला सदरा टांगायचा आणि पेटीला उशी करून झोपायचं, गिरणीच्या पाळीपरमाणं आळीपाळीनं, दहा बाय बाराच्या जागेत बावीस बाप्ये. ज्याचा खिळा त्याचा हक्क, आणि खिळेवाल्याचा पाहुणा आला तर तो त्याच्या जागेत झोपणार, त्याला कुणी उठवायचं नाय, हा नियम. दुसरा नियम, बाईमाणसानं खोलीत राहायचं नाय, दारात उभं राहून निरोप सांगायचा आणि वाटंला लागायचं. डिलाईल रोडला एकाच चाळीत माझ्या माहेरची खोली दुसऱ्या माळ्यावर आणि सासरची तिसऱ्या, आणि दोघांची एकमेकांवर अशी खुन्नस, की खालच्यांनी गणपतीला पाच आरत्या म्हटल्या की वरचे सात म्हणणार, घसा बसला तरी चालंल. खालचा अध्यक्ष बाळाबुवा, भजनी माणूस, वरचा जानू मुकादम, गिरणीत मुकादम व्हता म्हणून गावात पण मुकादम. दोघं गावी आले की स्टँडपासून त्यांची बॅग कायम दुसऱ्याच्या डोक्यावर असायची.

गिरण्यांच्या मोठ्या संपाच्या आधीची गोष्ट. सदू गावी आला तो तोंड सुजलेलं, पाय सुजलेले, लघवी होईना. रामा म्हणला मुंबयचं खाणं बाधलं. भगत आणला, त्यानं कोंबडा घेतला आणि म्हणला बाहेरचं हाय, कोंबडा मात्र आत घातला. महाडच्या डाक्टरनं पायावर बोट दाबून बघितलं आणि म्हणला आजच मुंबयला न्या. तिथं मोठ्या हॉस्पिटलात सांगितलं की दोन्ही किडन्या गेल्या, मशीनवर रक्त धुऊन किती दिवस काढणार, घरच्या कुणाची तरी एक किडनी बसवायला लागंल. सदूच्या बायकोचं, कुसुमचं, रक्त जुळंना, ती बिचारी रडरड रडली. रामाचं जुळलं. मंग रामाला एकदम शेती आठवली, म्हणला माझ्यामागं नांगर कोण धरणार, जसा काय गावची जमीन हाच कसतो, हायत किती तर दोन खाचरं, आणि त्याची बायको हॉस्पिटलच्या फरशीवर आडवी पडली, माझा धनी कापू नका म्हणून, अजून कुणी सुरी हातात पण घेतली नव्हती. मी म्हटलं उठ गो, फरशी थंड हाय, माझं रक्त बघा. माझं जुळलं. आमचे मालक तवा मुंबयलाच गिरणीत, त्यांना इचारलं, त्यांनी इडी विझवली आणि म्हणले, तुझंच पोर हाय ते, दे. सगळ्या बाप्यांत मला एवढा एक माणूस मिळाला.

डाक्टर तरणा व्हता, चांगला व्हता, आमच्या तोंडाकडं बघून बोलायचा. तो म्हणला, आपरेशन मी करीन, पण घरी सोडल्यावर तीन महिने ह्यांनी हॉस्पिटलच्या जवळ राहायचं, स्वच्छ जागा पाहिजे, गर्दी नको, पाणी उकळलेलं, जेवण बिनमिठाचं, रांधायला सोबत घरची बाई पाहिजे. नवी किडनी अंगानं फेकू नये म्हणून जी औषधं देतात त्यांनी माणसाचं अंग असं दुबळं होतं की दुसऱ्याचा खोकला पण जीव घेईल. डोंगरात नेलंत आणि ताप आला तर महाडला पोचायच्या आत खलास. जागा बघून या, जागा नसंल तर मी कापणार नाय, ह्याच्या गेल्याच हायत, तुमची कशाला फुकट घालवू. बरोबर बोलला. म्हंजे काय झालं बघा, किडनी माझ्याकडं तयार, डाक्टर तयार, आणि सदूचा जीव अडला तो दहा बाय बाराच्या खोलीवर आणि त्या दोन अध्यक्षांवर.

रविवारी सकाळी आधी खालच्या माळ्यावर गेले, माहेरच्यांकडं. बाळाबुवा उभा राहून बोलला, सदू आमच्या करंजवाडीचा हिरा हाय, त्याच्यासाठी आमी जीव देऊ. मी दारातून म्हटलं, बुवा, जीव नको, खोली द्या. तेवढ्यात त्याचा घसा खवखवायला लागला. म्हणला खोली कशी देणार, सदूचा खिळा हाय तर झोपू दे की त्याच्या खिळ्याखाली, बावीस जणांत एक, बाकीच्यांनी कुठं जायचं. आणि बाई तर नायच, कुसुम नाय आणि तू तर मुळीच नाय, तू दिलेली लेक, तुझं नाव आमच्या वाडीतनं कधीच गेलं, तुझं काय ते वर जाऊन इचार. मागनं एकजण हळूच म्हणला, हा रोग लागतो काय हो. लहान असताना ह्या इचारणाऱ्यालाच इंचू चावला तवा मी पाठुंगळीला घेऊन धावले व्हते, तवा तो लागला नाय मला.

मंग वर गेले, सासरच्यांकडं. जानू मुकादम खोलीतल्या एकुलत्या एक खुर्चीवर. मी जागेचं बोलते तर त्याचं ध्यानच नाय तिकडं, तो म्हणतो, आधी मला सांग वहिनी, किडनी देणार ती कुणाला इचारून? मी म्हटलं मालकांना इचारलंय. म्हणतो मालक वेगळे आणि गावकी वेगळी, तू भेकरवाडीची सून, सुनेचं जे काय असंल ते सासरच्या वाडीचं, आमच्या वाडीचा गुरदा दुसऱ्या वाडीच्या माणसाला द्यायचा आणि बैठक नाय बोलावली? झालं, सगळे त्याच्यावरच बोलायला लागले.

काय सांगू तुमाला बाई, हीच माणसं दरसाल गावदेवीचा बकरा पडला की मुंडी कुणाची, काळीज कुणाचं, गुरदा कुणाच्या मानाचा ह्याच्यावर दुपारभर भांडतात, उन्हात मटणावर माशा बसतात तरी वाटा ठरत नाय. त्यांना वाटलं हा पण तसलाच वाटा. एक म्हणला, जन्माला येताना दोन घेऊन आली ती माहेरनं आली, म्हंजे माहेरचा हक्क हाय. दुसरा म्हणला, पण पोसल्या कुणी, वीस वर्षं भात कुणाचा खाल्ला. तिसरा शहाणा म्हणला, एक माहेरची एक सासरची धरा आणि मिटवा. माझ्याच पोटातली वस्तू, आणि मी चपला घालून दारात उभी, एकानं इचारलं नाय की वहिनी, कापताना दुखंल काय, एकानं बस पण म्हटलं नाय. मालक एका कोपऱ्यात मान खाली घालून बसलेले, बोलायला गेले तर मुकादम म्हणला तुमी गप बसा, हे घरचं काम नाय.

शेवटी मुकादम म्हणला, ठरलं, गुरदा भेकरवाडीचा. मी म्हटलं मुकादम, नक्की ठरलं? म्हणला ठरलं. सगळ्यांना कबूल? सगळ्यांनी माना हलवल्या, पोट भरल्यासारखी तोंडं झाली व्हती त्यांची. मी म्हटलं मंग आता सांगा, भेकरवाडीचा गुरदा भेकरवाडीच्या खोलीत राहणार का खालच्या माळ्यावर करंजवाडीच्या? तुमची मानाची वस्तू तुमी बाळाबुवाच्या घरात ठेवायला देणार? तो उद्या अख्ख्या चाळीला सांगंल, भेकरवाडीचा गुरदा आमी सांभाळतो. आणि गुरदा काय एकटा टांगून राहत नाय, त्याच्याभोवती सदू लागतो, सदूला रांधून घालायला मी लागते. वस्तू तुमची तर जागा तुमी द्या, नायतर बोला की तुमची नाय, मी जाते.

 कोपऱ्यातला म्हातारा भिवा हसायला लागला, खोकला लागंपर्यंत हसला. मुकादम खिडकीतनं बाहेर बघत बसला, मला दिसत व्हतं त्याच्या डोळ्यांपुढं कोण उभं हाय, बाळाबुवा उभा हाय. मंग म्हणला, तीन महिने खोली द्यायची. आता नियमाचा प्रश्न आला, मालकांचा खिळा मालकांचा, मंग ही वस्तू कुठल्या खिळ्याखाली राहणार, म्हणून त्यानं खिडकीजवळ स्वतःच्या हातानं नवा खिळा ठोकला आणि म्हणला, हा ठकूबायच्या नावाचा. बाईच्या नावाचा खिळा त्या चाळीत दुसरा नाय. लोक म्हणतात मुकादमाचं मन किती मोठं. मन कसलं बाई, नुसती ईर्ष्या, पण त्या ईर्ष्येवर माझा भाऊ जगला म्हणून मी गप बसले.

पुढची मजा ऐका. वरच्यांनी पेट्या ग्यालरीत काढल्या, खोलीला चुना मारला, ही खबर खालच्यांना लागली आणि त्यांना झोंबली, पोरगा आमचा आणि नाव वरच्यांचं व्हतंय. मंग आपरेशन होऊन सदूला हॉस्पिटलातनं आणला तवा खालच्यांनी त्याला खुर्चीत बसवून दोन जिने उचलून आणला, आणि स्वतःच्या दारापुढं खुर्ची एवढा येळ टेकवली की सगळ्या माळ्यांनी बघून घ्यावं, मंग तिसरा जिना चढले. पाणी आमी उकळणार म्हणून खालचे हट्टाला पेटले, मंग वरच्यांनी संडास फिनेलनं धुवायला घेतला, मंग खालचे तोंडाला फडकं बांधून यायला लागले, मंग वरच्यांनी दोन फडकी बांधली. कुणी नुसतं मायेनं केलं म्हणाल तर नाय, खालचे बघतात म्हणून वरचे आणि वरचे बघतात म्हणून खालचे. पण पाणी उकळलेलं व्हतं आणि खोली साफ व्हती, आणि ताप आला नाय.

त्याच्या आधी हॉस्पिटलात नवी किडनी चालू झाली आणि सदूला पहिली लघवी साफ झाली, त्या दिवशी मुकादमानं दोन्ही माळ्यांवर पेढे वाटले, आमच्या वाडीचा गुरदा चालू झाला म्हणून, लघवीचे पेढे मी तरी पहिल्यांदा बघितले. मला पाठीपासून पोटापर्यंत चिरलेलं, शिंकले तरी डोळ्यात पाणी यायचं, माझ्या नावाचा कुणी बत्तासा पण वाटला नाय. खोलीत आल्यावर मुकादम दर रविवारी पाहुणे घेऊन यायचा, बघा आमची वस्तू म्हणून, मी पळी घेऊन दारात उभी, बाहेरनंच बघा म्हणायचे. एकदा दुपारी आमी दोघंच व्हतो, सदूनं माझा हात धरून स्वतःच्या ओटीपोटावर ठेवला, म्हणला आक्का, हितं हाय बघ. मुठीएवढी लागत व्हती हाताला, गरम. मी त्याला कडेवर घेतला व्हता तेवढंच मला सुख झालं, खोटं कशाला बोलू.

तो जगला. मंग हॉस्पिटलातली माणसं दुसऱ्यांना पण सांगायला लागली, भेकरवाडीची खोली हाय, इचारून बघा. पोलादपूरच्या बाजारातला एक दुकानदार येऊन राहिला, महाडच्या कचेरीतला एक कारकून राहिला बायकोसकट, मुकादम सगळ्यांना म्हणायचा आमी पहिल्यापासून असेच. मंग संप झाला, गिरण्यांना कुलपं लागली, बाप्ये पेट्या घेऊन गावी परतले, आमचे मालक पण आले, खोली जवळजवळ आजाऱ्यांचीच झाली. सदूला जड काम जमायचं नाय, म्हणून तो खोली सांभाळायला राहिला, मंग खोलीचं मंडळ झालं, भेकरवाडीचा गुरदा पोटात म्हणून मुकादमानं त्यालाच सेक्रेटरी केला, त्यानं पांढरी टोपी घातली, आणि नियम नियम करायला लागला. मरता मरता वाचलेलं माणूस नरम होतं असं मला वाटायचं, मी चुकले. सगळं जुळवून बघितलं डाक्टरांनी, रक्त जुळवलं, अक्कल जुळवायची राहिली.

एक दिवस माझ्या अंगणात एक म्हातारी येऊन बसली, डोंगर चढून दमलेली, पायरीच्या खाली बसली. म्हटलं वर या गो, खाली का बसता. दासगावच्या बाजूची शेवंताबाई, बौद्धवाडीतली, तिचा लेक शाळेत मास्तर, त्याच्या दोन्ही किडन्या गेलेल्या, ही आय आपली देणार, तोच डाक्टर, तीच अट, जागा आणा मंग कापतो. म्हणाली, तुमच्या भावाकडं गेलेलो, त्यांनी परत लावलं. मी म्हटलं जागा नाय काय? म्हणाली, जागा हाय म्हणले, पण ही वाड्यांची खोली हाय, आणि पाण्याचं पिंप एकच हाय.

पिंप एकच हाय. बाई, तुमी महाडच्या, पाण्याचं तुमाला काय सांगायचं, चवदार तळ्यावर दरसाल मार्चात माणसं कशाला जमतात ते आमच्या डोंगरातल्या शेरडाला पण ठाऊक हाय, आणि माझा भाऊ मुंबयला राहून पिंपावर राखण करतो. तो दुकानदार कुठल्या वाडीचा व्हता, तो कारकून कुठल्या वाडीचा व्हता, तवा पिंपं काय दोन व्हती? मला अशी लाज वाटली की मी त्या म्हातारीला पेज वाढली आणि तिच्या तोंडाकडं बघू शकले नाय.

दुसऱ्या दिवशी तिला घेऊन पयल्या एस्टीनं निघाले. चाळीत पोचलो, तिसरा माळा चढलो, सदू म्हणतो, अगो आक्का, कळवायचं तरी, बस, चाय घे. मी म्हटलं चाय नको, ह्या बाईला परत का लावलंस? म्हणतो, आक्का, नियम हाय गो, माझं काय नाय, वाड्या काय म्हणतील. मुकादम म्हातारा झालेला, तरी त्याच खुर्चीवर, दुसरे चारपाच बाप्ये भिंतीला टेकून, सगळ्यांचं ध्यान आमच्याकडं. मी शेवंताबाईच्या हातातली पिशवी घेतली आणि खिडकीजवळच्या खिळ्याला टांगली. म्हटलं मुकादम, हा खिळा कुणाचा? म्हणला ठकूबायचा. खिळेवाल्याच्या पाहुण्याला उठवायचा नियम हाय? तो सदूकडं बघंना, म्हणला नाय. मंग ही माझी पाहुणी, म्हटलं, आणि हिचा लेक माझा पाहुणा, कुणी उठवतो ते बघते.

मंग पिंपाजवळ गेले. ओगराळं बुडवून पेला भरला, आधी शेवंताबाईला दिला, ती घेईना, हात मागं करायला लागली, मी म्हटलं प्या, माझ्या खिळ्याचं पाणी हाय. ती प्याली, त्याच पेल्यात उरलेलं मी प्याले. मंग आणखी भरला आणि सदूपुढं धरला. म्हटलं सद्या, हे पी. तुझ्या पोटात माझं जे हाय ते हेच पाणी गाळणार हाय, त्याला चालतंय काय बघ, नाय चाललं तर माझं मला परत दे, मी डाक्टरकडं येते तुझ्यासंगट. त्यानं पेला घेतला नाय. टोपी काढली, परत घातली, आपली पेटी उचलली आणि खालच्या माळ्यावर करंजवाडीच्या खोलीत निघून गेला. बाळाबुवानं लगेच जागा दिली म्हणतात, बघा की किती तत्परता, ज्या दिवशी जगायला पाहिजे व्हती त्या दिवशी नव्हती.

मास्तर आता बरा हाय, तुमच्याच महाडात शिकवतो, असंल तुमच्या ओळखीचा. शेवंताबाई दर पावसाळ्यात सुकी मच्छी धाडते, नको म्हटलं तरी धाडते. मुकादम गेला, त्याच्या फोटोखाली लिहिलंय म्हणे की ह्यांनी रुग्णांसाठी खोली दिली, लिहू दे, त्याला वाचायला काय जातंय. त्या खिळ्याला आज कुणाची पिशवी हाय मला ठाऊक नाय, मी इचारत पण नाय, ज्याची असंल तो बरा होऊन घरी जावो.

सदू तीन वर्षं झाली भाऊबीजेला आला नाय. ताट मी करते, दिवा लावते, मंग उचलून ठेवते. मालक म्हणतात आपण जाऊ, मी म्हणते मेले तरी जाणार नाय, लाज त्याला वाटायची तर मला का वाटंल. कुसुम तेवढी गावी आली की चोरून माझ्याकडं येऊन जाते, बसते, त्याचं काय काय सांगायला लागते, रागावलाय, मानी हाय, मी म्हणते गो ते सगळं सोड, मला एकच सांग, लघवी साफ होते ना त्याला? ती म्हणते होते आक्का, चांगली होते. मंग झालं, म्हणते मी, ओवाळणी पोचली मला.